‘एफटीएल’मधला खरा दोष नशिबाचा नव्हे

प्रति,
संपादक,

विषय : ‘एफटीएल : फास्टर दॅन लाइट’ या अंतराळखेळाचे गुणदोष

महोदय,

चित्रपट, नाटक आणि पुस्तकांच्या परीक्षणांना वृत्तपत्रांत हक्काची जागा असते. संगणकीय खेळांबद्दल फार तर नवा खेळ बाजारात आल्याची बातमी छापली जाते. तो आतून कसा चालतो, कुठे जमला आहे आणि कुठे फसला आहे, हे लिहिलेले फारसे दिसत नाही. हे पत्र लांबले आहे ते त्यामुळे. विषय एकाच खेळाचा आहे. ‘एफटीएल’ 14 सप्टेंबर 2012 रोजी आला आणि आजही खेळला जातो. त्याच्याबद्दल दोन मते सारखी कानावर पडतात. ‘अप्रतिम आहे’ हे पहिले आणि ‘सगळा नशिबाचा खेळ आहे’ हे दुसरे. पहिले मला मान्य आहे. दुसरे चुकीचे आहे, आणि त्या तक्रारीच्या आड या खेळातला खरा दोष झाकला जातो.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅथ्यू डेव्हिस आणि जस्टिन मा या दोघांनी ‘सबसेट गेम्स’ या नावाने तो बनवला. त्यासाठी 2012 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर त्यांनी 10 हजार डॉलर मागितले होते, जमले 2 लाखांहून जास्त. पडद्यावर आपले यान वरून कापून ठेवल्यासारखे दिसते. छोट्या-छोट्या खोल्या, त्यांत ठिपक्यांच्या चित्रांतले खलाशी, खाली वीजपट्ट्यांची रांग. बंडखोरांचा ताफा पाठलागावर आहे. आपण सात सेक्टर, म्हणजे नकाशाचे सात टप्पे, ओलांडून आठव्या आणि शेवटच्या सेक्टरमध्ये त्यांचे ध्वजयान फोडायचे. यान फुटले किंवा खलाशी संपले की फेरी संपली, जुना सेव्ह शिल्लक राहत नाही. मरण कायमचे आणि प्रत्येक फेरीचा नकाशा नवा, म्हणून त्याला रोगलाइक म्हणतात. ज्या खेळावरून हे नाव पडले त्या 1980 च्या ‘रोग’शी त्याचे नाते तेवढेच. 2008 मध्ये बर्लिनच्या बैठकीत रोगलाइकची जी व्याख्या ठरली तिच्यात पाळीपाळीने चालणे आणि चौकटींचा पट या गोष्टी येतात. ‘एफटीएल’मध्ये दोन्ही नाहीत. व्याख्येचे कट्टर लोक त्याला या घराण्यात घेत नाहीत. खेळणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो विजेच्या हिशेबाने, आणि हा हिशेब खेळाचा प्राण आहे. सुरुवातीला मिळणाऱ्या केस्ट्रेल यानाच्या रिअ‍ॅक्टरमध्ये 8 पट्ट्या असतात. शील्ड म्हणजे यानाभोवतीची ऊर्जेची ढाल, तिच्या एका थराला 2 पट्ट्या लागतात. ‘बर्स्ट लेझर 2’ या शस्त्राला 2, आर्टेमिस क्षेपणास्त्राला 1. इंजिन, प्राणवायू आणि दवाखाना यांनाही वीज हवीच. सगळे एकदम पूर्ण चालवता येईल एवढी वीज जवळजवळ कधीच नसते. मग लढाईत हात सारखा पट्ट्यांवर जातो. शत्रूचे क्षेपणास्त्र निघाले, दवाखान्यात कुणी नाही, तर तिथली पट्टी काढून इंजिनाला दिली. प्राणवायू यानात भरलेला असतो, तो ताबडतोब संपत नाही, म्हणून त्याचीही पट्टी दहा-पंधरा सेकंद उसनी घेता येते. स्पेसबार दाबला की वेळ थांबते. थांबलेल्या वेळेत हवे तितके आदेश द्या आणि पुन्हा चालू करा. बोटांची चपळाई इथे लागत नाही. घाई करणारा हरतो तो चुकीची खोली निवडून.

यानातल्या प्रत्येक अडचणीला एकाहून जास्त उतारे आहेत, ही या रचनेची श्रीमंती. आग लागली तर खलाशी पाठवून विझवता येते, किंवा बाहेरपर्यंतचे दरवाजे उघडून खोलीतली हवा घालवली तरी ती मरते. शत्रूचे लोक यानात उतरले तर त्यांच्याशी हातघाईवर येता येते, किंवा त्यांच्या खोलीची हवा काढून, आपली माणसे दवाखान्यात बसवून, त्यांना गुदमरू देता येते. दरवाजांची व्यवस्था एक पायरी वाढवलेली असेल तर घुसखोरांना दरवाजा फोडायला वेळ लागतो आणि तोवर हवा संपते. हा स्वस्तातला उपाय नवे खेळाडू टाळतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या सेक्टरमध्ये मॅन्टिस या परग्रही जातीचे चार जण यानात उतरल्यावर पस्तावतात. मॅन्टिस हातघाईत माणसाच्या दीडपट मारतात, त्यांच्याशी समोरासमोर लढू नये. इतर जातींचे गुण वेगळे. रॉकमन आगीत जळत नाहीत आणि त्यांचा जीव 150 असतो, माणसाचा 100. एंजी दुप्पट वेगाने दुरुस्ती करतात पण लढाईत निम्मे. झोल्टन ज्या खोलीत उभा राहील तिथे स्वतःची एक पट्टी वीज देतो, मात्र त्याचा जीव 70. चार वाक्यांत सांगता येतील असे हे फरक, पण कोणाला कुठे उभे करायचे हा प्रश्न त्यांनी प्रत्येक लढाईत नवा होतो.

आता नशिबाची तक्रार. तिचे उत्तर आकड्यांत आहे.

शील्डचा एक थर लेझरची एक गोळी अडवतो. समोरच्या यानाला दोन थर असतील तर ‘बर्स्ट लेझर 2’च्या तीन गोळ्यांपैकी दोन थरांवर खर्ची पडतात आणि एक आत जाते. हे झाले तिन्ही लागल्या तर. शत्रूची चुकवण्याची क्षमता 20 टक्के धरली तर प्रत्येक गोळी लागण्याची शक्यता 80 टक्के, आणि चुकलेली गोळी शील्डलाही न शिवता निघून जाते. तिन्ही लागण्याची शक्यता 0.8 गुणिले 0.8 गुणिले 0.8, म्हणजे 51 टक्के. नाणेफेकच. जवळजवळ निम्म्या वेळा 12 सेकंद थांबून मारलेला बार संपूर्ण वाया जाणार, आणि खेळाडू म्हणणार, नशीब फुटके. आता त्याच बारात एक साधे एकगोळी लेझर जोडा, ज्याला वीज फक्त 1 पट्टी लागते. चार गोळ्या झाल्या, त्यांतल्या किमान तीन लागल्या पाहिजेत. शक्यता 82 टक्के. एका पट्टीच्या खर्चात नाणेफेकीची जागा पाचात चार वेळा यशाने घेतली. फासे तेच राहिले, टाकणाऱ्याने आधी गणित केले.

मात्र या गणिताला एक अट आहे. चारही गोळ्या एकत्र पोचल्या पाहिजेत. खाली गेलेला शील्डचा थर साधारण दोन सेकंदांत परत उभा राहतो. स्वयंचलित गोळीबार चालू ठेवला तर प्रत्येक शस्त्र भरले की एकटेच सुटते, थर पाडते, आणि दुसरे शस्त्र सुटेपर्यंत थर परत आलेला असतो. म्हणून स्वयंचलित गोळीबार बंद ठेवावा, सगळी शस्त्रे भरेपर्यंत थांबावे, वेळ थांबवून सर्वांना एकच खोली दाखवावी, शक्यतो शील्डची, आणि मग सोडावे. बीम शस्त्र, म्हणजे शत्रूच्या यानावर किरणाची रेघ ओढणारे, असेल तर ते अर्धा-एक सेकंद उशिरा. बीम कधी चुकत नाही, पण शील्डचा प्रत्येक उभा थर त्याचे नुकसान एकाने कमी करतो. हॅल्बर्ड बीमचे नुकसान 2 असते. समोर दोन थर उभे असतील तर ते शून्यावर येते, एक थर असेल तर निम्मे होते, आणि थर नसतील तेव्हा ज्या-ज्या खोल्यांवरून रेघ जाईल त्या प्रत्येकीत पूर्ण 2. रेघ ओढताना ती जास्तीत जास्त खोल्यांच्या कोपऱ्यांना शिवेल अशी ओढायची. सगळ्या नवख्यांची बीम या दोन ठिकाणी वाया जाते : आधी सोडतात, आणि रेघ एकाच मोठ्या खोलीतून नेतात.

आयन शस्त्राची गंमत आणखी वेगळी. ते शील्डवर लागले तरी शील्डच्या यंत्रणेचीच वीज काही सेकंद अडकवते, आणि लागोपाठ लागत राहिले तर परिणाम साचत जातो. म्हणून कमी शक्तीचे, पण वेगाने भरणारे आयन लेझरच्या जोडीला फार उपयोगी. फ्लॅक त्याच्या उलट : नेम वाईट, पण एका बारात तीन तुकडे, आणि प्रत्येक तुकडा एक थर खातो. थर काढायला फ्लॅक आणि मागून बीम, ही जोडी ज्याला मिळाली त्याने दुकानात आणखी शस्त्रे शोधत बसू नये, शील्ड वाढवावी.

खर्चाचे गणितही असेच सरळ आहे. चलन एकच, स्क्रॅप, आणि त्याच्यातूनच शस्त्रे, यंत्रणा, वीज, इंधन, दुरुस्ती. बाह्यकवचाचे 30 गुण असतात. एक गुण भरायला सुरुवातीच्या सेक्टरांत 2 स्क्रॅप पडतात, पुढे 4 पर्यंत चढतात. शील्डचा दुसरा थर 50 स्क्रॅपमध्ये होतो, 20 आणि 30 अशा दोन पायऱ्यांनी. त्याच्यासारखी फायद्याची खरेदी साऱ्या खेळात दुसरी नाही, कारण त्याने वाचणारी दुरुस्ती दोन-तीन सेक्टरांत ती किंमत वळती करते. तिसऱ्या थराला 100, चौथ्याला 180. दुसरा थर पहिल्या सेक्टरच्या अखेरीस किंवा दुसऱ्यात यायलाच हवा. त्याऐवजी ‘स्क्रॅप रिकव्हरी आर्म’ घेणारे पुष्कळ. तो 50 ला मिळतो आणि कमाई 10 टक्के वाढवतो. म्हणजे 500 स्क्रॅप मिळवेपर्यंत तो फक्त स्वतःची किंमत फेडत असतो, आणि तेवढ्या काळात दुसरा थर नसल्याने जे कवच फुटते त्याचा खर्च वेगळाच. पहिल्या सेक्टरमध्ये, शील्ड झाल्यावर, हातात पैसा असेल तर घ्यावा. चौथ्यानंतर मुळीच नाही.

कमाई वाढवण्याचा खात्रीचा मार्ग नकाशावर आहे. प्रत्येक उडीला 1 इंधन लागते आणि प्रत्येक उडीबरोबर ताफ्याची लाल रेषा पुढे सरकते. सेक्टरमध्ये ठिकाणे वीसच्या आसपास. ताफा येण्याआधी त्यांतली साधारण निम्मीच पाहता येतात. म्हणून सेक्टरमध्ये शिरताच बाहेर पडायचा बिंदू शोधावा, त्याच्यापासून उलटे मोजावे, आणि रेषा अंगावर येण्याआधीच्या शेवटच्या उडीत तिथे पोचेल असा वळणावळणाचा रस्ता आखावा. तेजोमेघातल्या ठिकाणी गेले की ताफ्याची चाल मंदावते, तिथे एक-दोन उड्या जास्त पदरात पडतात; बदल्यात सेन्सर बंद पडतात. ताफ्याने गिळलेल्या ठिकाणी मात्र जाऊ नये, तिथे लढाई कडवी आणि मिळकत जवळजवळ काहीच नाही. दुकान दिसत असेल तर ते वाटेत शेवटाकडे ठेवावे, हातात पैसा जमल्यावर. रिकाम्या खिशाने दुकानात गेलेला खेळाडूच पुढे म्हणतो की खेळाने चांगले शस्त्र दिले नाही.

माणसे उतरवून लढणे हा आणखी एक मार्ग, आणि कमाईसाठी सगळ्यात चांगला : यान न फोडता त्यावरचे लोक मारले की स्क्रॅप जास्त मिळतो. टेलिपोर्टरने दोन मॅन्टिस पाठवावेत, शत्रूच्या दवाखान्यावर आधी क्षेपणास्त्र टाकावे, जीव निम्म्यावर आला की परत बोलवावेत. बिघडते कुठे? तीन ठिकाणी. आपल्याच लेझरने यान फुटते आणि आपली माणसे त्यात असतात. शत्रू पळ काढतो आणि त्यांना घेऊन जातो. किंवा यान मनुष्यरहित असते, आत हवाच नसते, आणि पाहता पाहता दोघेही गुदमरतात. म्हणून माणसे उतरवताना वैमानिकाची खोली पहिली, आणि माणसे आत असेपर्यंत लेझर बंद.

एवढे सगळे जुळवल्यावर या खेळात किती जिंकता येते, याचा पुरावा अनुभवी खेळाडू देतात : सर्वांत अवघड पातळीवर, वेगवेगळी याने घेऊन, ते सलग फेऱ्या जिंकत जातात. निव्वळ नशिबाच्या खेळात हे घडत नाही.

मग दोष कुठे आहे? माझ्या मते, खेळ काय लपवतो आणि का लपवतो यात.

माहिती लपवणे मुळात वाईट नाही. सेन्सरचेच पाहा. पहिल्या पायरीवर फक्त आपल्या यानाच्या खोल्या दिसतात. दुसरीवर शत्रूच्या खोल्या. तिसरीवर त्याची शस्त्रे किती भरली आहेत ते. इथे माहितीला किंमत आहे आणि ती स्क्रॅपमध्ये मोजायची आहे. शत्रूची शस्त्रे कधी सुटणार हे कळले तर अदृश्य होण्याची यंत्रणा, क्लोकिंग, नेमकी वेळेवर वापरता येते. या यंत्रणेची किंमत 150 आणि ती चुकवण्याच्या क्षमतेत 60 टक्के भर घालते. इंजिन आणि वैमानिक मिळून 40 टक्के असतील तर ती चालू असेपर्यंत एकही गोळी लागत नाही. शिवाय शत्रूची शस्त्रे भरणे तेवढा वेळ थांबते. तेव्हा सेन्सरवर खर्च करायचा की इंजिनवर, हा निर्णय खेळाडूचा. हे उत्तम आहे.

पण जे विकतही मिळत नाही, त्याचे काय? शत्रूची चुकवण्याची टक्केवारी पडद्यावर आकड्यात दिसत नाही. वर मांडलेले 51 आणि 82 चे गणित खेळाडूला अंदाजाने करावे लागते. संकटात सापडलेल्या तळाला मदत करायची का, असा प्रसंग येतो. मदतीला धाडलेला खलाशी कधी बक्षीस घेऊन येतो, कधी परतच येत नाही. शक्यता किती, हे कुठेही सांगितलेले नाही. निळ्या अक्षरांतले पर्याय, जे विशिष्ट खलाशी किंवा यंत्रणा असल्यासच दिसतात, ते बहुतेक वेळा सुरक्षित असतात. बहुतेक वेळा, नेहमी नाही. कोणते फसवे हे फक्त एकदा फसल्यावर कळते. दुसऱ्यांदा तोच प्रसंग आला की जुन्या खेळाडूला उत्तर पाठ असते. म्हणजे विचाराची जागा स्मरणशक्तीने घेतली. वीजपट्ट्यांशी इतका सुंदर विचार करायला लावणाऱ्या खेळात ही उणीव टोचते.

सर्वांत मोठी लपवाछपवी शेवटी आहे. सात सेक्टर खेळ एक शिकवतो आणि आठव्यात दुसरेच विचारतो. ध्वजयानाची लढाई तीन टप्प्यांत होते. चार भारी शस्त्रे, प्रत्येक आपापल्या वेगळ्या खोलीत, मुख्य यानापासून तुटलेली : एक तीन क्षेपणास्त्रे सोडणारे, एक लेझरच्या तीन गोळ्यांचे, एक आयनच्या तीन गोळ्यांचे आणि एक बीमचे. दुसऱ्या टप्प्यात ते ठरावीक वेळाने ड्रोनची झुंड सोडते. तिसऱ्यात त्याच्याभोवती झोल्टन शील्ड ही जादा ढाल असते, ती फुटेपर्यंत ना हॅकिंग (शत्रूची यंत्रणा बिघडवणे) चालते ना माणसे उतरवता येतात. आणि अधूनमधून लेझरचा वर्षाव होतो. यातले काहीही आधीच्या सात सेक्टरांत कळत नाही. दीड-दोन तास सांभाळून आणलेले यान पहिल्या खेपेला इथे फुटते, आणि खेळाडूला एवढेच समजते की आपण काहीतरी वेगळे आणायला हवे होते. सहाव्या सेक्टरमधल्या एखाद्या प्रसंगात पकडलेला बंडखोर अधिकारी ध्वजयानाचा आराखडा विकतो, एवढी सोय जरी असती तरी तक्रार उरली नसती. सेन्सरचे तत्त्व त्यांच्याकडे होतेच, तेच शेवटाला लावायचे होते.

ही सोय नाही, म्हणून नव्या वाचकांच्या उपयोगासाठी तयारी इथे लिहून ठेवतो. क्षेपणास्त्रे शील्ड मानत नाहीत, म्हणून सर्वांत आधी त्या खोलीचा बंदोबस्त. टेलिपोर्टर असेल तर दोघांना तिथे उतरवा. प्रत्येक शस्त्रखोलीत एकच माणूस असतो आणि पहिल्या टप्प्यात त्याच्या मदतीला बाकीचे येऊ शकत नाहीत. त्याला मारून शस्त्र मोडा, मग बीमची आणि आयनची खोली. लेझरच्या खोलीतला माणूस जिवंत ठेवा. सगळे खलाशी मेले तर यानाचा ताबा स्वयंचलित मेंदू घेतो आणि दुरुस्ती आपोआप होऊ लागते. एक जण एकटा कोंडलेला राहिला तर पुढच्या टप्प्यांत दुरुस्तीला कुणीच नसते, कारण टप्पा बदलताना कवच पूर्ववत होते, पण मेलेले खलाशी परत येत नाहीत. टेलिपोर्टर नसेल तर डिफेन्स ड्रोन 1 घ्या, तो क्षेपणास्त्रे वाटेतच पाडतो. त्याला 2 पट्ट्या वीज आणि दर वेळी एक ड्रोनभाग लागतो, तेव्हा भाग विकून टाकू नका. शील्ड किमान तीन थर, जमल्यास चार. हॅकिंग यंत्रणा 80 ला मिळते. ती ध्वजयानाच्या शील्डवर लावून, थर उतरत असताना सगळी शस्त्रे एकदम सोडा. वर्षावाची सूचना पडद्यावर झळकते, त्या क्षणी क्लोकिंग. क्लोकिंग चालू असताना आपण गोळी मारली तर क्लोकिंगचा वेळ कमी होतो, तेवढ्यापुरता हात आवरा. आणि ध्वजयान आपल्या तळाकडे सरकत असते हे विसरू नका. दुरुस्तीच्या ठिकाणांवरून जाता येईल असाच रस्ता धरा.

बाकीच्या उणिवा लहान आहेत. प्रसंगांचा मजकूर वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर तोंडपाठ होतो. चित्र मुळात 1280 बाय 720 साठी रेखलेले आहे, मोठ्या पडद्यावर ताणले की अक्षरे धूसर होतात; ठिपक्यांचे चित्र खपून जाते, मजकूर खपत नाही. सुरुवातीला कुलूपबंद असलेले क्रिस्टल यान मिळवायचे तर बिघडलेली शीतपेटी सापडली पाहिजे, ती उघडणारी झोल्टन प्रयोगशाळा भेटली पाहिजे, मग रॉक लोकांचा मूळ सेक्टर वाटेत आला पाहिजे, त्यात ते प्राचीन यंत्र सापडले पाहिजे, आणि तोवर पेटीतला क्रिस्टल खलाशी जिवंत हवा. इथे मात्र नशिबाची तक्रार शंभर टक्के खरी आहे. कौशल्याने या साखळीची एकही कडी आणता येत नाही.

संगीताबद्दल दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत. बेन प्रंटी यांनी प्रत्येक सुरावट दोन रूपांत बांधली आहे, एक शांत प्रवासाची, एक लढाईची. शत्रू समोर आला की तीच धून न तुटता दुसऱ्या रूपात शिरते. जुन्या खेळांचा बीप-बीप आवाज न नकलता जुनेपणाची आठवण जागी ठेवणे अवघड असते, ते इथे साधले आहे.

3 एप्रिल 2014 रोजी आलेली ‘अ‍ॅडव्हान्स्ड एडिशन’ जुन्या ग्राहकांना फुकट मिळाली. हॅकिंग, मनावर ताबा, क्लोन बे, प्राणवायू शोषणारी लॅनियस ही जात, आणि सर्वांत अवघड पातळी ही तिची भर. याने 28 झाली. क्लोन बे विशेष : मेलेला खलाशी पुन्हा उभा राहतो, पण दवाखाना आणि क्लोन बे एकत्र ठेवता येत नाहीत. निर्मात्यांनी नव्या गोष्टी पुष्कळ दिल्या, शेवटाचा पडदा मात्र तसाच ठेवला.

तो पडदा आपण स्वतः काढू शकतो हे त्यांनी पुढे दाखवलेही. याच दोघांचा ‘इनटू द ब्रीच’ फेब्रुवारी 2018 मध्ये आला. त्यात शत्रू पुढच्या पाळीत कुठे आणि किती मारणार ते आधीच पटावर दाखवलेले असते. इमारत वार झेलून वाचेल का, याची टक्केवारीसुद्धा डोळ्यांसमोर असते. तरी खेळ सोपा झाला नाही. सगळे दिसत असताना हरल्यावर खेळाडू स्वतःची चाल तपासतो. ‘एफटीएल’मध्ये हरलेला खेळाडू फाशांना शिव्या देतो, आणि त्यातल्या काही शिव्या अनाठायी असल्या तरी काही रास्त आहेत, कारण त्याला फासे नीट दाखवलेच नव्हते.

आपल्या पुरवणीत कधी अशा खेळांची परीक्षणे सुरू झाली, तर परीक्षणकर्त्यांनी कोणते यान घेतले, कोणत्या पातळीवर खेळले, ‘अ‍ॅडव्हान्स्ड एडिशन’चा मजकूर चालू होता की बंद, आणि किती फेऱ्यांनंतर मत बनवले, हे चार तपशील प्रत्येक वेळी छापावेत ही विनंती. सोप्या पातळीवर स्क्रॅप जास्त मिळतो आणि तिथे बनलेले मत अवघड पातळीला लागू पडत नाही. केस्ट्रेलवरून बांधलेला अंदाज स्टेल्थ यानाला तर मुळीच नाही, कारण ते सुरू होते तेव्हा त्याला शील्डच नसते.

आपला,
एक नियमित वाचक